जुन्या निन्टेंडो स्विचवर लिनिएजओएस बसवावे काय?

कांदेवाडी:

नमस्कार मंडळी,

आमच्या घरी पहिल्या पिढीचा निन्टेंडो स्विच, म्हणजे हातात धरून किंवा टीव्हीला जोडून खेळायचे व्हिडिओ गेमचे यंत्र, पडून आहे. माझा भाचा नोकरीनिमित्त जपानमध्ये असताना त्याने तो घेतला होता. पुढे तो नव्या यंत्राकडे वळला आणि हे यंत्र डॉकसकट (टीव्हीला जोडण्याच्या बैठकीसकट) माझ्याकडे आले. यंत्र व्यवस्थित चालते, बॅटरीही बरी आहे. परंतु मला त्यावरील खेळांत फारसा रस नाही आणि नवे खेळ विकत घेण्याचा विचारही नाही.

या यंत्रावर अँड्रॉइडवर आधारलेली लिनिएजओएस ही कार्यप्रणाली बसवता येते असे वाचनात आले. तसे झाल्यास लोकलच्या प्रवासात जुने दिवाळी अंक पीडीएफ स्वरूपात वाचावेत, बुद्धिबळ खेळावे आणि घरी डॉकमधून टीव्हीला जोडून काही पाहावे, एवढीच माझी अपेक्षा आहे. मराठी कळफलक आणि यूपीआय चालले तर अधिक उत्तम.

चौकशीसाठी मुंबईतील इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या बाजारात, लॅमिंग्टन रोडला, गेलो असता दोन दुकानांत दोन परस्परविरोधी उत्तरे मिळाली. एकाने सांगितले की कोणत्याही स्विचवर हे काम होते, यंत्र ठेवून जा आणि संध्याकाळी घेऊन जा. दुसऱ्याने सांगितले की मूळ प्रणाली पुसल्याशिवाय अँड्रॉइड बसतच नाही आणि एकदा पुसली की यंत्र पूर्ववत होणे नाही. भाचा कधीतरी सुट्टीवर येईल आणि आपले जुने खेळ मागेल, त्यामुळे मूळ प्रणाली गमावण्याची माझी तयारी नाही. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

परळकर:

कांदेवाडी, तुम्हाला मिळालेली दोन्ही उत्तरे चुकीची आहेत. कोणत्याही स्विचवर हे काम होत नाही, आणि ज्यावर होते त्यातील मूळ प्रणाली पुसावी लागत नाही.

आधी यंत्र कोणते आहे ते पाहावे लागेल. मार्च २०१७ मध्ये बाजारात आलेल्या मूळ स्विचमध्ये एनव्हिडियाची टेग्रा एक्स१ ही चिप आहे. याच कंपनीच्या शील्ड टीव्ही या अँड्रॉइड पेटीत २०१५ पासून हीच चिप होती, आणि स्विचसाठी अँड्रॉइड तयार करणाऱ्या स्विचरूट या स्वयंसेवी गटाला त्या पायाचा मोठा उपयोग झाला. मात्र आपली प्रणाली यंत्रात शिरवण्यासाठी एक दार उघडे असावे लागते. ते दार एप्रिल २०१८ मध्ये जाहीर झाले. केट टेमकिन आणि रीस्विच्ड गटाने त्याला फ्यूझे जेले असे नाव दिले होते.

या चिपमध्ये दुरुस्तीसाठी राखलेली आरसीएम नावाची एक अवस्था असते, जिच्यात यंत्र यूएसबीवरून आज्ञा स्वीकारते. एका विशिष्ट आज्ञेला उत्तर देताना समोरच्याने किती माहिती मागितली आहे, त्या आकड्याची चिपमधील प्रोग्राम तपासणीच करत नव्हता. त्यामुळे थेट ६५,५३५ बाइटांपर्यंत मागणी करून त्याच्या स्मृतीत भलत्या जागी आपला कोड लिहिता येत असे. हा प्रोग्राम चिप घडवतानाच तिच्यात कोरलेला असल्याने निन्टेंडोला तो अपडेट पाठवून दुरुस्त करता येत नाही. साहजिकच, २०१८ च्या मध्यापर्यंत विकल्या गेलेल्या बहुतेक यंत्रांत ही त्रुटी आजही आहे आणि राहील. त्यानंतर कारखान्यातच चिपमधील फ्यूज जाळून ती बुजवण्यास सुरुवात झाली. ऑगस्ट २०१९ पासूनचे सुधारित मॉडेल, त्याच वर्षीचे स्विच लाइट आणि ऑक्टोबर २०२१ चे ओलेड मॉडेल या सर्वांतील चिप बदललेली असून तिच्यात हे दार नाही. त्या यंत्रांसाठी मदरबोर्डवर बारीक डाग देऊन वेगळी चिप बसवावी लागते. त्या दुकानदाराचे ‘संध्याकाळी घेऊन जा’ बहुधा या कामाविषयी असावे. ते काम सूक्ष्मदर्शकाखाली करावे लागते, आणि हात हलला तर यंत्र गेले. दिवाळी अंक वाचण्यासाठी एवढी जोखीम घेऊ नये.

यंत्राच्या खालच्या कडेला, चार्जिंगच्या खाचेजवळ, अनुक्रमांकाची पट्टी असते. तो क्रमांक एक्सएडब्ल्यू१ ने सुरू होत असेल आणि पुढचे चार अंक ००७४ पर्यंत असतील, तर यंत्र त्रुटीयुक्त, म्हणजे आपल्या कामाचे आहे. जपानी यंत्रे बहुधा एक्सएजे ने सुरू होतात. त्यांपैकी एक्सएजे४ साठी ही मर्यादा ००४६ आणि एक्सएजे१ साठी ००२० आहे. एक्सकेडब्ल्यू किंवा एक्सकेजे ने सुरू होणारी सर्व यंत्रे नव्या चिपची आहेत. क्रमांक तसा निघाला तर विषय तिथेच संपतो. संपूर्ण क्रमांक मात्र येथे टाकू नका, पहिले सात-आठ अंक पुरेसे आहेत.

आता मूळ प्रणालीविषयी. निन्टेंडोची प्रणाली यंत्रातील ३२ जीबीच्या अंतर्गत साठ्यात असते. लिनिएजओएस पूर्णपणे मायक्रोएसडी कार्डावर बसते आणि अंतर्गत साठ्याला हात लावत नाही. यंत्र नेहमीसारखे सुरू केले की निन्टेंडोची प्रणाली येते, आणि आरसीएममधून हेकाटे हा बूटलोडर (कोणती प्रणाली सुरू करायची ते ठरवणारा छोटा प्रोग्राम) धाडला की त्याच्या यादीतून अँड्रॉइड सुरू करता येते. कार्ड काढून घेतले तर भाच्याच्या हाती त्याचे जुने यंत्र जसेच्या तसे पडेल.

असे असले तरी हेकाटे सुरू झाल्यावर पहिले काम अंतर्गत साठ्याची संपूर्ण प्रत घेण्याचेच असावे. बूट० आणि बूट१ या दोन लहान भागांची प्रत वेगळी घ्यावी लागते आणि उरलेल्या मोठ्या भागाची वेगळी. त्या मोठ्या भागात प्रॉडइन्फो नावाचा छोटासा विभाग असतो, ज्यात तुमच्याच यंत्राच्या कळा, प्रमाणपत्रे आणि जुळणीचे आकडे असतात. तो बिघडला तर दुसऱ्या यंत्रावरून उचलून आणता येत नाही. ही प्रत संगणकावर आणि आणखी एका ठिकाणी ठेवा. या कामातील एकच पायरी गाळता येणार नाही असे कोणी विचारले, तर मी हीच सांगेन.

दहिसर_पूर्व:

परळकरांनी लिहिलेले तांत्रिक तपशील बरोबर आहेत, परंतु मूळ प्रश्न ‘बसवावे काय’ असा आहे, म्हणून माझे मत थोडे वेगळे मांडतो.

या यंत्राला कॅमेरा नाही, अंगचा मायक्रोफोन नाही, सिमकार्डाची खाच नाही. यूपीआयची नोंदणी सिममधून जाणाऱ्या संदेशावर चालते, त्यामुळे तो विषय सोडूनच द्या. बँकांची बहुतेक ॲप गुगलच्या प्रमाणीकरणाची तपासणी करतात, आणि बूटलोडर उघडा असलेले यंत्र तीत टिकत नाही. चित्रपटांच्या वर्गणीवाल्या सेवांचेही तेच. वाइडवाइन या गुगलच्या चित्रपट-संरक्षण व्यवस्थेचा वरचा दर्जा येथे मिळत नसल्याने चित्र कमी रेखीवतेचे येते आणि काही ॲप प्ले स्टोअरमध्ये दिसतही नाहीत. स्मृती ४ जीबी, चिप २०१५ च्या सुमाराची आणि संपूर्ण प्रणाली कार्डावरून चालणारी. तेव्हा आजच्या फोनची चपळाई अपेक्षू नये.

वाचनाचे म्हणाल तर पडदा ६.२ इंचांचा आणि १२८० बाय ७२० चा आहे. स्कॅन केलेल्या दिवाळी अंकाचे पूर्ण पान त्यावर उभे धरून वाचणे डोळ्यांना त्रासदायक होईल. आडवे धरून अर्धे-अर्धे पान सरकवत वाचता येते, पण सकाळच्या विरार गाडीत उभ्याने, एका हाताने कडी धरून, एवढे रुंद यंत्र सांभाळणे किती जमेल याचा विचार तुम्हीच करावा. त्रुटी असलेल्या जुन्या यंत्रांना हौशी लोकांत चांगली मागणी आहे. भाच्याची संमती असेल तर ते विकून साधा टॅबलेट घेणे मला अधिक शहाणपणाचे वाटते.

कांदेवाडी:

दोघांचेही आभार. अनुक्रमांक एक्सएजे४००३ ने सुरू होतो, म्हणजे परळकरांच्या हिशेबाने यंत्र कामाचे आहे. विकण्याचा प्रश्न येत नाही, कारण वस्तू भाच्याची आहे. यूपीआयचा नाद सोडला. जॉयकॉन, म्हणजे दोन्ही बाजूंचे सुटे होणारे नियंत्रक, बाजूला काढून यंत्र आडवे धरून पाहिले, तर वजन हलके वाटते आणि कांजूरमार्गला बसायला जागा मिळते त्यानंतर वाचनाला अडचण येऊ नये. बुद्धिबळ आणि टीव्ही हे दोन उपयोग तर राहतातच. तेव्हा बसवायचे ठरवले आहे.

आता दोन शंका आहेत. आरसीएममध्ये जाण्यासाठी उजवा जॉयकॉन जिथे सरकवतात त्या पट्टीतील पिना कागदाच्या टाचणीने जोडाव्यात असे एका ठिकाणी पाहिले, ते सुरक्षित आहे काय? आणि कार्ड कोणते घ्यावे? स्टेशनबाहेर २५६ जीबीचे कार्ड फारच स्वस्तात मिळते आहे.

विक्रोळीचा_वायरमन:

स्टेशनबाहेरचे कार्ड घेऊ नका, आणि घेतलेच असेल तर त्यावर काहीही टाकण्यापूर्वी तपासून पाहा. अशा कार्डांत बरेचदा प्रत्यक्ष जागा ३२ किंवा ६४ जीबीच असते आणि कार्डातील नियंत्रकाला २५६ सांगायला शिकवलेले असते. संगणकाला ते खरेच वाटते. त्या मर्यादेपर्यंतची माहिती नीट राहते आणि पुढची नुसती नाहीशी होते, त्यामुळे बिघाड पहिल्या दिवशी न दिसता अँड्रॉइड महिनाभर वापरल्यावर अचानक फाइली खराब होऊ लागतात. विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू आणि लिनक्सवर एफ३ ही फुकट साधने संपूर्ण कार्ड भरून आणि परत वाचून खरी जागा सांगतात. वेळ लागतो, पण रात्रभर लावून ठेवावे. माझ्या मते नामांकित कंपनीचे, पावतीसह घेतलेले, ए२ आणि यू३ अशी चिन्हे असलेले १२८ जीबीचे कार्ड या कामाला भरपूर आहे. येथे प्रणालीच कार्डावरून चालत असल्याने लहान-लहान फाइली भरभर वाचण्याची क्षमता महत्त्वाची आहे, आणि ए२ हे चिन्ह त्याचेच आहे.

टाचणी अजिबात वापरू नका. त्या खोबणीतील पिना केसासारख्या बारीक असतात. एक वाकली किंवा शेजारच्या पिनेला टेकली तर उजवा जॉयकॉन पट्टीवर ओळखला जाणे बंद होते. खोबणीत सरकवायची प्लास्टिकची जिग मिळते, तिच्यात दहाव्या पिनेचा संपर्क आधीच जोडलेला असतो. यंत्र पूर्ण बंद करून जिग बसवावी, आवाज वाढवण्याचे बटण दाबून धरावे आणि चालू करण्याचे बटण दाबावे. पडदा काळाच राहिला तर समजावे की काम झाले. निन्टेंडोचे चिन्ह दिसले तर पुन्हा बंद करून पहिल्यापासून करावे. त्यानंतर संगणकावरून, किंवा योग्य ॲप असलेल्या अँड्रॉइड फोनवरूनही, यूएसबी केबलने हेकाटेचा पेलोड, म्हणजे यंत्रात धाडायची फाइल, पाठवता येतो.

येथे एक व्यावहारिक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण तुम्ही यंत्र प्रवासात नेणार आहात. पेलोड यंत्रात कायमचा राहत नाही. झोपवलेले यंत्र जागे करायला काही लागत नाही, परंतु बॅटरी पूर्ण उतरून यंत्र बंद पडले, तर पुन्हा अँड्रॉइड सुरू करण्यासाठी जिग, केबल आणि फोन हे तिन्ही जवळ असावे लागतात. यावर उपाय म्हणून हेकाटेमध्ये ऑटोआरसीएम नावाची सोय आहे. ती बूट० मध्ये मुद्दाम बिघाड करून यंत्राला दर वेळी आरसीएममध्येच नेते. म्हणजे अंतर्गत साठ्याला हात लागतो आणि भाच्याला पेलोडशिवाय यंत्र सुरूच करता येणार नाही. तुमच्या अटी पाहता ती वापरू नये. जिग चष्म्याच्या डबीत ठेवा.

कार्डाच्या क्रमाविषयी. हेकाटे कार्डाचे विभाग पाडते तेव्हा कार्डावरील सर्व काही पुसले जाते. म्हणून परळकरांनी सांगितलेली अंतर्गत साठ्याची प्रत त्याच कार्डावर घेतली असेल, तर ती आधी संगणकावर हलवावी आणि मगच विभाग पाडावेत. विभाग पाडताना अँड्रॉइडसाठी जागा ठरवण्याची सरकपट्टी येते आणि पुढे डायनॅमिक की लेगसी असे विचारले जाते. अँड्रॉइड १३ पासून पुढच्या आवृत्त्यांसाठी डायनॅमिक निवडायचे असते. त्यानंतर कार्ड विंडोजच्या संगणकात घातले, की एकामागून एक खिडक्या उघडून ‘ही डिस्क वापरण्यापूर्वी फॉरमॅट करावी लागेल’ असे विचारू लागतात. विंडोजला अँड्रॉइडचे विभाग वाचता येत नाहीत एवढाच त्याचा अर्थ आहे. प्रत्येक खिडकी रद्द करत जावी. सवयीने ‘हो’ दाबणाऱ्या माणसाकडून आपले कार्ड दूर ठेवावे. आमच्या घरी तो माणूस मीच आहे. कार्ड न काढता हेकाटेमधील यूएसबीच्या सोयीनेही फाइली टाकता येतात, पण त्या खिडक्या तेव्हाही येऊ शकतात.

कार्डावरील फॅट३२ विभागात, म्हणजे विंडोजलाही वाचता येणाऱ्या भागात, बूटलोडरच्या फाइली, लिनिएजओएसची झिप आणि गुगलची ॲप हवी असल्यास त्यांची झिप ठेवावी. हेकाटेमधून ‘फ्लॅश अँड्रॉइड’ केले की रिकव्हरीत, म्हणजे प्रणाली बसवण्याच्या छोट्या यादीत, जाता येते. तेथे आवाजाच्या बटणांनी वर-खाली सरकायचे आणि चालू करण्याच्या बटणाने निवडायचे. आधी डेटा फॉरमॅट करावा, मग लिनिएजओएसची झिप लावावी, आणि प्रणाली एकदाही सुरू न करता लगेच गुगलच्या ॲपची झिप लावावी. हा क्रम चुकला आणि प्रणाली एकदा सुरू झाली, तर डेटा पुन्हा पुसून पहिल्यापासून करावे लागते. गुगलची झिप लावताना सही पडताळली गेली नाही असा इशारा येतो. ती झिप लिनिएजच्या कळेने सही केलेली नसल्यामुळे तो येणारच, तेथे ‘तरीही लावा’ म्हणावे.

लिनिएजओएसच्या स्विचसाठी टॅबलेट आणि अँड्रॉइड टीव्ही अशा दोन वेगळ्या आवृत्त्या आहेत. टीव्हीची आवृत्ती डॉकमध्ये छान वाटते, पण वाचनाची ॲप तिच्यात हाताळणे कटकटीचे आहे. तुमचा मुख्य उपयोग वाचन असल्याने टॅबलेटचीच घ्या. ती डॉकमधून टीव्हीवरही चित्र दाखवते. मराठी भाषा आणि मराठी कळफलक दोन्ही इतर कोणत्याही अँड्रॉइडप्रमाणे चालतात.

ताडदेवकर:

कायद्याची बाजू कोणी मांडली नाही म्हणून लिहितो. हा व्यक्तिशः सल्ला समजू नये.

२०१२ च्या दुरुस्तीने आपल्या कॉपीराइट अधिनियम, १९५७ मध्ये कलम ६५अ आले. हक्कांचा भंग करण्याच्या उद्देशाने संरक्षक तांत्रिक उपाय मोडणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड अशी तरतूद त्यात आहे. भर उद्देशावर आहे हे लक्षात घ्यावे, आणि अधिनियमाने स्पष्टपणे मनाई न केलेल्या हेतूसाठी केलेली कृती त्याच कलमाच्या पोटकलमात वगळलेली आहे. आपल्या मालकीच्या यंत्रावर मुक्त प्रणाली चालवणे आणि खेळांच्या चोरलेल्या प्रती चालवणे यांत म्हणूनच फरक करावा लागतो. याच पोटकलमात एक परंतुक आहे, जे लॅमिंग्टन रोडवरच्या किती दुकानांना ठाऊक असेल कोण जाणे: दुसऱ्यासाठी अशा कामात साहाय्य करणाऱ्याने त्या व्यक्तीचे नाव, पत्ता आणि हेतू यांची संपूर्ण नोंद ठेवायची आहे. काम स्वतःच्या हाताने केले तर हा प्रश्न उद्भवत नाही.

निन्टेंडोशी असलेला करार ही वेगळी बाब आहे. मे २०२५ मध्ये कंपनीने अमेरिकेतील खात्यांच्या करारात असे घातले की निर्बंध मोडल्यास ती सेवा किंवा यंत्रसुद्धा अंशतः वा पूर्णतः निकामी करू शकते. भाच्याचे खाते त्या यंत्रावर असेल आणि त्याने पैसे देऊन घेतलेले खेळ त्यात असतील, तर त्याला आधी फोन करून विचारणे उचित ठरेल. कंपनी आपल्याकडे स्विच अधिकृतपणे विकत नसल्याने येथे वॉरंटी गमावण्याची भीती मात्र नाही.

कांदेवाडी:

भाच्याशी बोललो. त्याने खाते नव्या यंत्रावर हलवलेले आहे आणि त्याची काही हरकत नाही. केवळ जुन्या खेळांतील प्रगती पुसू नये असे त्याने बजावले आहे. शेवटचा प्रश्न: जॉयकॉन अँड्रॉइडमध्ये जोडले की निन्टेंडोच्या प्रणालीत पुन्हा जोडावे लागतात काय?

परळकर:

तसे करावे लागू नये याची सोय हेकाटेमध्ये आहे. आधी निन्टेंडोची प्रणाली सुरू करून दोन्ही जॉयकॉन पट्टीवर बसवा आणि ते जोडले गेल्याची खात्री करा. मग हेकाटेच्या पर्यायांतून ब्लूटूथ जोडणीची माहिती कार्डावर उतरवून घ्या. लिनिएजओएस ती माहिती आणि कारखान्यातील जुळणीचे आकडे तेथून वाचते, त्यामुळे दोन्ही प्रणालींत तेच जॉयकॉन न जोडता चालतात. पुढे कधी निन्टेंडोच्या बाजूने जॉयकॉन बदलले किंवा नव्याने जोडले, तर माहिती उतरवण्याचे काम पुन्हा करावे लागेल. दांडी आपोआप सरकण्याचा जुना दोष तुमच्या जॉयकॉनमध्ये असेल, तर तो अँड्रॉइडमध्येही तसाच दिसेल. त्यासाठी दांडीच बदलावी लागते, आणि ते काम लॅमिंग्टन रोडवर करून घ्यायला हरकत नाही.

खेळांतील प्रगती अंतर्गत साठ्यात असते, कार्डावर नव्हे. तेव्हा कार्ड पुसल्याने तिला धोका नाही. भाच्याच्या जुन्या कार्डावर उतरवलेले खेळ असतील, तर ते कार्ड बाजूला ठेवून अँड्रॉइडसाठी वेगळे कार्ड घ्या.